मुंबई-पुण्यात खोली बघताय? आधी पासचा हिशेब करा

केजजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलं आहे. थोरल्या मुलाला मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, धाकटी मुलगी पुण्यात कॉलेजला चालली. दोघांसाठी खोल्या बघणं सुरू आहे. दोघांना पास कोणता काढायचा, किती महिन्यांचा घ्यायचा, कागद काय लागतात आणि एसटीसारखी काही सवलत मिळते का, असा त्यांचा प्रश्न आहे. ते स्वतः रोज केज-अंबाजोगाई अप-डाऊन करतात, म्हणजे पास त्यांच्या खिशातच असतो. शहरातल्या पासचा मात्र अंदाज येत नाही.

माझी नोकरी लातूर विभागात एसटीच्या पास खिडकीमागे गेली. निवृत्त झाल्यावर आपल्या भागातली पोरं-पोरी शहरात निघाली की त्यांचे आई-बाप हेच विचारायला येतात, म्हणून मुंबई-पुण्याला गेलो की तिथल्या खिडक्यांवर उभा राहून मी हे सगळं समजून घेत आलो आहे. त्यावरून तुम्हाला पहिलं सांगणं हे की खोलीचं डिपॉझिट भरू नका, आधी पासचा हिशेब मांडा. आपल्याकडे उलटं होतं. गावचा कुणीतरी जिथं राहतो तिथं पोरगं जातं, खोली घेतं आणि मग पासची चौकशी करतं. तोवर त्याचा महिन्याचा खर्च आणि रोजचे दोन-तीन तास ठरून गेलेले असतात.

हिशेबाची रीत तुमच्याच पासवरून समजून घ्या. एसटीच्या मासिक पासला २० दिवसांचं भाडं घेतात आणि ३० दिवस प्रवास करू देतात. त्रैमासिकला ५० दिवसांचं घेऊन ९० दिवस. तुम्ही महिन्याचे २६ दिवस जात असाल तर मासिकात सहा दिवस फुकट पडतात, आणि त्रैमासिकात ७८ दिवस जाऊन पैसे ५० दिवसांचेच भरता. जो माणूस आठवड्यातून चारच दिवस जातो त्याला मासिक पास तोट्याचा. म्हणजे पास हा पुढच्या महिन्याच्या फेऱ्यांचा आगाऊ सौदा आहे. फेऱ्या मोजल्याशिवाय तो करायचा नसतो.

सवलतीचंही तसंच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. रोज २६ दिवस अर्ध्या तिकिटाने जाणाऱ्या बाईचे पैसे १३ दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढे होतात. मग २० दिवसांचं पूर्ण भाडं भरून पास कशाला काढायचा? तरी खिडकीवर बायका पास मागायला यायच्या, कारण पूर्वी काढत होत्या. मी हिशेब करून दाखवायचो तेव्हा पटायचं.

तुमची मुलगी बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर शिकली असेल. जूनमध्ये आमच्या खिडकीवर त्या मुलींची रांग लागायची. हातात शाळेचा शिक्का असलेला अर्ज, त्यावर डिंकाने डकवलेला फोटो, कधी तो सुटून आलेला, मग खिडकीतलीच बाटली पुढे करायची. तो पास नसता तर यातल्या कितीतरी जणी सातवीनंतर घरी बसल्या असत्या, हे मी खात्रीने सांगतो. पण पुण्यात गेल्यावर हे लक्षात ठेवा: एसटीची महिलांची अर्धी सवलत एसटीपुरती आहे. पुण्याच्या शहर बसमध्ये, म्हणजे पीएमपीत, किंवा मुंबईच्या शहर बसमध्ये, म्हणजे बेस्टमध्ये, ती चालत नाही. पहिल्या दिवशी वाहकाशी वाद घालायची वेळ लेकरावर येऊ नये, म्हणून आत्ताच सांगून ठेवा.

आता मुलाचं बघू. मुंबईत लोकलचा पास ही इतकी स्वस्त गोष्ट आहे की आपल्या माणसाचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास बहुतेक अंतरांना शंभर ते साडेतीनशे रुपयांच्या आत बसतो. दहा-अकरा दिवस जाऊन-येऊन झालं की पैसे वसूल. १ जुलै २०२५ ला रेल्वेने देशभर भाडी वाढवली तेव्हाही उपनगरी भाड्याला आणि पासला हात लावला नाही. म्हणून रोज लोकल लागणार असेल तर पास काढावा की नाही हा प्रश्नच उरत नाही, काढायचाच.

किती महिन्यांचा, हे बघा. त्रैमासिक पासला मासिकच्या २.७ पट पैसे लागतात, सहामाहीला ५.४ पट, वार्षिकला १०.८ पट. भागून बघा, तिन्हींत महिन्याला दहा टक्केच वाचतात. वर्षाचा घेतला म्हणून जास्त सूट मिळत नाही, फक्त रांगेचा त्रास वाचतो. नव्या नोकरीत पोरगं खोली बदलणार, कदाचित कंपनीही बदलणार. पहिला पास मासिकच घ्या. जागा आणि वेळ बसली की त्रैमासिक. वर्षाच्या पासचा विचार दोन वर्षं एकाच जागी राहिल्यावर करा.

लोकलमध्ये अंतर स्वस्त आहे, पण वाहन बदलणं महाग आहे. खोली शोधताना हे एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे. विरार ते अंधेरी हे अडतीसेक किलोमीटर अंतर एकाच गाडीने, एकाच पासवर होतं. दहा किलोमीटर जवळची खोली घेतली तर पासमध्ये महिन्याला शंभर रुपयेही वाचणार नाहीत, भाडं मात्र हजारांनी वाढेल. उलट स्टेशनपासून लांबची खोली घेतली की सकाळी शेअर रिक्षा, संध्याकाळी शेअर रिक्षा. या रिक्षाचे महिन्याचे पैसे लोकलच्या पासच्या कितीतरी पट होतात. म्हणून खोली बघायला जाल तेव्हा स्टेशनातून पायी चालत जा आणि घड्याळ लावा. पंधरा-वीस मिनिटांत पोचता आलं तर ती खोली विचारात घ्या.

आपले बरेच लोक कल्याण-डोंबिवलीकडे असतात, कारण लातूर एक्सप्रेसने सकाळी कल्याण-ठाण्याला उतरायची सवय. तिथून अंधेरीला जायचं तर दादरला पश्चिम रेल्वेवर गाडी बदलावी लागते. पास दोन काढायची गरज नाही, दादरमार्गे असा एकच निघतो आणि पासवर तो मार्ग छापलेला असतो. खिडकीवर मार्ग सांगायला विसरू नका. पण पैशापलीकडचं बघा. दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता जी गर्दी असते ती रोज दोनदा पार करणं सोपं नाही. माझं मत विचाराल तर अंधेरीत नोकरी असणाऱ्याने खोली पश्चिम मार्गावरच बघावी. विरारहून अनेक गाड्या सुटतात, त्यामुळे तिथं चढायला तरी मिळतं. नालासोपारा-वसईला गाडी भरून आलेली असते. दाराला लटकून जायचं नाही हे मुलाला बजावून सांगा, गाडी सुटली तर सुटू द्या.

घाटकोपरला ओळखीचं कुणी असेल तर वेगळा विचार. तिथून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो १ थेट मरोळ नाक्यावरून, अंधेरीवरून जाते. वेळ वाचतो, पण खर्च वाढतो. एका बाजूचे २० रुपये धरले तरी २६ दिवसांचे १०४० होतात. मुंबईत मेट्रोचा मार्ग एकच नाही, आणि चालवणाऱ्या संस्थाही वेगवेगळ्या आहेत. एका मार्गावरचा फेऱ्यांचा पास दुसऱ्या मार्गावर चालेल असं गृहीत धरू नका.

दहिसर-कांदिवलीकडून अंधेरीला येणाऱ्या मेट्रो २अ आणि ७ वर फेऱ्यांचे पास आहेत: ४५ फेऱ्यांवर १५ टक्के सूट, ६० फेऱ्यांवर २० टक्के, मुदत ३० दिवस. वीस टक्के ऐकून सगळे साठचा घेतात. आकडे मांडून बघा. साठच्या पासला ४८ फेऱ्यांचं भाडं जातं. महिन्याचे २६ दिवस जाणाऱ्याच्या फेऱ्या होतात ५२. पंचेचाळीसच्या पासला सव्वाअडतीस फेऱ्यांचं भाडं, वरच्या सात फेऱ्या सुट्ट्या तिकिटाने काढल्या तरी एकूण सव्वापंचेचाळीस. म्हणजे कमी सवलतीचा पास स्वस्त पडला. ज्याला रविवारीही जावं लागतं त्यालाच साठचा परवडतो.

राहिला अंधेरी स्टेशन ते सीप्झ हा टप्पा. बेस्टचं भाडं ९ मे २०२५ पासून वाढलं. पहिल्या पाच किलोमीटरला साध्या बसला १० रुपये, एसीला १२. महिन्याचा पास ९०० वरून १८०० रुपये झाला. रोज एसी बसने दोनदा गेलं तरी २६ दिवसांचे ६२४ रुपये होतात. स्टेशन ते कंपनी एवढ्याचसाठी बेस्टचा मासिक पास काढू नये, सुट्टं तिकीट काढावं. ७५ रुपयांचा दिवसाचा पास कामाचा आहे, पण तो कधी? खोल्या बघत दिवसभर फिरायचं असतं त्या दिवशी. तुम्ही मुलाबरोबर जाल तेव्हा दोघं तो घ्या आणि चार-पाच वस्त्या बघून घ्या.

लोकलचा पास खिडकीवर, मशीनवर आणि मोबाईलवर मिळतो. मोबाईलसाठी आधी यूटीएस ॲप होतं, १ जुलै २०२५ ला रेल्वेने रेलवन आणलं. नावं सारखी वाटणारी आणखी एक गोष्ट आहे: ‘मुंबई वन’ हे ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं ॲप आणि ‘मुंबई १’ हे मेट्रोचं कार्ड. दोन्ही वेगळी आहेत. ॲपवर अनेक सेवांची तिकिटं एका जागी निघतात. म्हणून त्यात सगळ्यांचा मिळून एकच पास आहे असा समज करून घेऊ नका.

मोबाईलवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. सोमवारी कामावर रुजू व्हायचं असेल तर रविवारी काढून ठेवा. सोमवारी सकाळी काढला तर त्या दिवसाचं तिकीट वेगळं लागेल. महिन्याच्या एक तारखेला खिडकीवर रांग असते, म्हणून पहिला पास मधल्या तारखेपासून सुरू झाला तर बरंच.

तपासणीत पोरं कशात अडकतात, हे तुम्हाला नीट सांगतो. पासवर ज्या ओळखपत्राचा नंबर आहे ते ओळखपत्र जवळ लागतं. पास काढताना आधार दिलं असेल तर आधारच ठेवा. दुसरी गोष्ट, मोबाईलवरचा पास ॲपमध्ये उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट चालत नाही, कारण तसले खोटे पास तयार करणारे सापडले आहेत आणि टीसी आता बारकाईने बघतात. फोनची बॅटरी संपली तर पास असूनही हातात काही नाही. मी तर नव्या मुलांना पहिले तीन महिने छापील पासच घ्यायला सांगतो. प्लास्टिकच्या पाकिटात ओळखपत्राबरोबर ठेवा, घामाने आणि पावसाने कागद विरतो.

तिसरी चूक डब्याची. दुसऱ्या वर्गाचा पास घेऊन पहिल्या वर्गाच्या डब्यात चढलं, तर दंड किमान २५० रुपये आणि वर भाड्यातला फरक. एसी लोकलचा पासही वेगळा असतो. गर्दीत समोर मोकळा डबा दिसला की नवखं पोरगं पळत जाऊन चढतं. पहिल्या वर्गाच्या डब्यावर तिरके पट्टे असतात, फलाटावरही डबा कुठे येतो त्याच्या खुणा असतात. पहिल्या रविवारी रिकाम्या वेळी त्याला स्टेशनवर घेऊन जा आणि डबे ओळखायला शिकवा. लोकलच्या पासवर आपल्या भागात येणाऱ्या एक्सप्रेसच्या आरक्षित डब्यातही बसता येत नाही. गावाकडून येताना कल्याणपर्यंतचं तिकीट असेल तर कल्याणला उतरायचं आणि पुढे लोकलने जायचं, अर्थात पास कल्याणपासूनचा असेल तर.

आता पुणे. इथलं गणित मुंबईच्या उलट आहे, म्हणून भावाचा सल्ला बहिणीला लागू पडणार नाही. पुण्यात मुख्य आधार पीएमपीची बस. १ जून २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, वीसपर्यंत ४० असं भाडं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीचा दिवसाचा पास ४० वरून ७० रुपये झाला, महिन्याचा ९०० वरून १५००. भाववाढीच्या आधी पुण्यात शिकून आलेला जो तो म्हणेल की पास काढून टाका. त्यांच्या वेळी ते बरोबर होतं. आता नव्याने मोजावं लागतं.

खोली कॉलेजपासून आठ-नऊ किलोमीटरवर असेल आणि थेट बस असेल, तर रोजचे ४० रुपये. पंचवीस दिवसांचे हजार. पूर्ण दराचा पास पाचशे रुपयांनी महाग. बारा-चौदा किलोमीटरवर असेल तर रोजचे ६०, पंचवीस दिवसांचे बरोबर १५००. तिथं पास आणि तिकीट सारखंच, पण पास असला की क्लासला, बाजारात जायचं तिकीट वेगळं लागत नाही. बस बदलावी लागत असेल तर प्रत्येक बसला नवं तिकीट, आणि मग पास नक्की परवडतो. म्हणजे पुण्यात पास घेतला की अंतराने काही फरक पडत नाही, १५०० रुपयांत दोन्ही शहरं. वेळेने मात्र पडतो. वाहतुकीत अडकलेल्या बसमध्ये चौदा किलोमीटरला सव्वा तास सहज जातो.

मुलगी विद्यार्थिनी आहे, म्हणून तिला पूर्ण दराचा पास घ्यायचं कारण नाही. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास वेगळा असतो. त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड (तिथं शिकत असल्याचा दाखला), आधार आणि फोटो घेऊन पीएमपीच्या पास केंद्रावर जायचं. प्रवेश झाल्या दिवशीच बोनाफाईडच्या दोन प्रती मागून घ्या, एक बससाठी आणि एक मेट्रोसाठी. नंतर कॉलेजच्या ऑफिसात त्यासाठी चार-चार दिवस घालवलेली पोरं मी बघितली आहेत.

पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. वनाज-रामवाडी आणि पिंपरी चिंचवड-स्वारगेट हे दोन मार्ग डिस्ट्रिक्ट कोर्ट (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला एकमेकांना मिळतात. कॉलेज आणि खोली दोन्ही या मार्गांच्या जवळ पायी अंतरावर मिळाली तर मुलीसाठी तेच उत्तम. वेळ पाळणारी गाडी, संध्याकाळी उजेडातलं स्टेशन, रक्षक. विद्यार्थ्यांच्या कार्डावर भाड्यात ३० टक्के सूट मिळते. शंभर रुपयांचा दिवसाचा मेट्रो पासही आहे, रोजच्या कॉलेजसाठी त्याचा उपयोग नाही.

हे मेट्रोचं कार्ड पहिल्यांदा हातात आलं की एक गोंधळ हमखास होतो. कार्डाचे पैसे कार्डातल्या चिपमध्ये असावे लागतात. मोबाईलवरून पैसे भरले की ते आधी खात्यावर जमा दिसतात, पण चिपमध्ये उतरलेले नसतात. स्टेशनवरच्या मशीनला किंवा खिडकीवर कार्ड लावून ते चिपमध्ये घ्यावे लागतात. तसं न करता गेटवर कार्ड टेकवलं तर लाल दिवा लागतो आणि मागची रांग ओरडायला लागते. मोबाईलवर पाचशे दिसतात, गेट म्हणतं पैसे नाहीत, आणि लेकरू घाबरतं. चिपमध्ये जास्तीत जास्त २००० रुपये राहतात. कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेले असं समजा, म्हणून एका वेळी दोन-तीनशेच भरा.

सुट्यांचाही हिशेब धरा. आपली पोरं महालक्ष्म्यांना, दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरच्या लग्नांना गावी येतातच. दिवाळीला दहा-बारा दिवस येणार असेल तर आधीच्या पासची मुदत गावी यायच्या सुमारास संपेल असं बघा, आणि नवा पास परतल्यावर सुरू करा. लोकलचा पास स्वस्त असल्याने मुलाचं फारसं जाणार नाही. पुण्यात पास पूर्ण दराचा असेल तर पाचशेच्या वर वाया जातील. ज्या महिन्यात परीक्षेची सुटी आहे त्या महिन्यात मुलीने पास न काढता तिकिटावर जावं.

तुम्ही आणि मुलांची आई त्यांना बघायला जाल तेव्हा एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास विचारात घ्या. १९८८ पासून चालू आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. पुणे, मुंबई करून नाशिकमार्गे परतायचं असेल तर तो तुमच्यापुरता फायद्याचा ठरू शकतो. आईंना अर्धं तिकीट आहे, त्यांनी पास काढण्याआधी सगळ्या टप्प्यांचं अर्धं भाडं एका कागदावर मांडून बेरीज करावी. तुमचा पास कोणत्या प्रकारच्या बससाठी आहे तेही खिडकीवरच विचारून घ्या. अंबाजोगाई आगारात दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा गेलात तर खिडकीवरचा माणूस तुम्हाला निवांत हिशेब करून देईल.